मधले चार आणे

एकदा एक वृद्ध सराफ आपल्या शिष्यावर इतका संतापला, की घाटाखालच्या पेठेतले लोक हातातली कामे टाकून ऐकत उभे राहिले. ज्ञानी पुरुषाला राग येत नाही, असे आपल्याला लहानपणापासून सांगण्यात येते. मला ते कधीच पटलेले नाही. बारा म्हाताऱ्यांच्या तोंडचा घास जाताना दिसत असूनही ज्याच्या कपाळाची शीर हलत नाही, त्याचे ज्ञान घेऊन करायचे काय? या सराफाला राग येत असे. त्या दिवशी तो का आला, ते सांगतो.

त्या काळी रुपयाचे सोळा आणे असत आणि व्याजाचा दर आण्यांत सांगत. शंभर रुपयांना महिन्याकाठी आठ आणे व्याज, म्हणजे आठ आणे दर. पैसे महिन्याच्या बोलीने ठेवता येत, तसे वर्षाच्या बोलीनेही ठेवता येत. प्रत्येक पेढीच्या दाराशी एक काळी फळी असे आणि तिच्यावर रोज सकाळी खडूने एकच आकडा लिहिला जाई, महिन्याच्या दराचा. वर्षाचा दर कोणी लिहीतच नसे. महिन्याच्या दरात चार आणे मिळवले की झाला वर्षाचा दर, असा त्या पेठेचा रिवाज होता. आठ असेल तर बारा, सहा असेल तर दहा. वीस वर्षे हे असेच चालले होते. हे चार आणे कुठून आले, असे कोणी विचारले नाही, कारण विचारणारा अडाणी ठरला असता.

सराफाला सगळी पेठ आबा म्हणे. त्यांचा शिष्य चाळिशीला आलेला गृहस्थ होता. हिशेबाला असा पक्का, की आकडा पुढे ठेवायचा अवकाश, उत्तर त्याच्या जिभेवर तयार. आबांना पावसाळ्यात बहिणीकडे कोकणात जावे लागले, तेव्हा पेढी त्याच्या हाती सोपवून ते निश्चिंत मनाने गेले. निश्चिंत होणे ही आबांची चूक होती, आणि ती पुढे त्यांनी कबूलही केली.

पेठेच्या मागे तांबट आळी होती. तांबटांनी प्रत्येक हंड्यामागे एक पैसा बाजूला टाकून दोन पिढ्यांत एक निधी जमवला होता, नऊ हजार सहाशे रुपयांचा. ज्यांचे हात आता हातोडा उचलू शकत नाहीत, त्यांच्यासाठी तो होता. असे बारा वृद्ध होते. निधी आबांच्या पेढीमार्फत वर्षाच्या दराने दिलेला असे. बारा आण्यांनी दरमहा बहात्तर रुपये येत आणि प्रत्येकाला सहा रुपये तनखा मिळे. सहा रुपयांत म्हाताऱ्याचे भागते. सुनेपुढे हात पसरावा लागत नाही, एवढे तरी नक्की.

ज्येष्ठात राजधानीहून एक धातूचा व्यापारी आला. गोड बोलणारा, स्वच्छ धोतराचा, कोणाला दुखवणार नाही असा. त्याला तीन वर्षांसाठी अडतीस हजार चारशे रुपये हवे होते. तो शिष्याला म्हणाला, "तांबटांचे नऊ हजार सहाशे माझ्याकडे लावा. उरलेले अठ्ठावीस हजार आठशे निधीच्या नावावर लोकांकडून महिन्याच्या बोलीने उचला आणि तेही मलाच द्या. मी सगळ्या रकमेवर वर्षाच्या चालू दराने व्याज भरीन. तुम्ही लोकांना महिन्याच्या दराने द्याल. मधले चार आणे निधीचे."

शिष्याने क्षणात हिशेब केला. निधीला महिन्याला बहात्तर रुपये जास्त. तनखा सहाचा बारा. एक पैसा न घालता तो दुप्पट होत होता.

"पण दर चढला तर?" पेढीवरच्या कारकुनाने विचारले.

शिष्य हसला. "दर चढो की उतरो, मधले चार आणे कुठे जातात? महिना चढला की वर्षही चढेल. आपल्याला दराशी काय करायचे आहे?"

आणि त्याने सही केली. आषाढात बाराही म्हाताऱ्यांच्या हातावर बारा बारा रुपये पडले. आळीत शिष्याच्या गळ्यात हार घातला गेला. तो त्याने घरी नेऊन खुंटीला टांगला, असे म्हणतात. हेतू वाईट नव्हता. पण चांगल्या हेतूने केलेल्या निष्काळजीपणाची आपल्याकडे फार लवकर क्षमा होते, याची मला चीड आहे.

भाद्रपदात संस्थानाने दवंडी पिटवली. जुने रुपये आश्विनाच्या आत खजिन्यात भरायचे. ते वितळवून नवे पाडले जातील आणि माघाच्या आरंभी ज्याचे त्याला परत मिळतील. झाले, पेठेतली चांदी आटू लागली. ज्याच्याजवळ चार नाणी चालती होती, तो त्यांचे मोल मागू लागला. महिन्याचा दर आश्विनात चौदा आणे झाला आणि कार्तिकात पुरता रुपया.

रिवाजाप्रमाणे वर्षाचा दर आता वीस आणे व्हायला हवा होता. शिष्याने तसा हिशेब मांडून व्यापाऱ्याकडे व्याज मागितले. व्यापारी तितक्याच गोडीने म्हणाला, "करारात 'चालू दर' असे शब्द आहेत. चालू म्हणजे ज्या दराने कोणी खरोखर देतो आणि घेतो. वीस आण्यांनी वर्षाचा एक तरी व्यवहार या पेठेत दाखवा, आत्ता भरतो."

शिष्याने सगळ्या पेढ्या पालथ्या घातल्या. वीस आण्यांचा एकही व्यवहार नव्हता. माघात चांदी येणार हे माहीत असताना वर्षभर वीस आणे द्यायला कोण वेडा तयार होईल? एकच व्यवहार सापडला, दहा आण्यांचा. तो व्यापाऱ्याने स्वतःच एका ओळखीच्या माणसाकडून दोनशे रुपये घेऊन केलेला होता. व्यापाऱ्याने दहा आण्यांनी व्याज भरले. निधीकडे आले दोनशे चाळीस रुपये, आणि लोकांना द्यायचे होते दोनशे अठ्ठ्याऐंशी. लोकांना चौदा आणे देता देता तनखा आश्विनातच थांबला होता. आता निधीच्या मुद्दलातून दरमहा अठ्ठेचाळीस रुपये गळू लागले.

आणि व्यापाऱ्याला अडतीस हजारांची गरज तरी कुठे होती? ते पैसे तो शेजारच्या पेढीवर महिन्याच्या बोलीने रुपया दराने ठेवत होता. दहा आण्यांनी घ्यायचे, सोळा आण्यांनी ठेवायचे. बसल्या जागी महिन्याला एकशे चव्वेचाळीस रुपये. बारा म्हाताऱ्यांना मिळत होते, नेमके तेवढेच. यात त्याने कुठलाही कायदा मोडला नव्हता, आणि संताप येतो तो याचाच.

कार्तिकात आबा परतले. पायही न धुता त्यांनी करार मागवला, वाचला आणि मग तो आवाज चढला, जो सबंध पेठेने ऐकला.

"बारा माणसांचे अन्न तू कशावर ठेवलेस? चार आण्यांवर? कुणी लिहून दिले होते तुला ते चार आणे?"

"रिवाज होता, आबा."

"रिवाजाला तू जामीन घेतलेस? उद्या रिवाज पळाला तर कुणाच्या दारात जाशील?"

शिष्यही आतून पेटलेला होता. तो म्हणाला, "वीस वर्षे तुम्हीच मला सांगत आलात, महिन्यात चार आणे मिळव. का मिळव, ते एकदा तरी सांगितलेत?"

दुकानासमोर उभे असलेले लोक चपापले.  आबा खालच्या स्वरात म्हणाले, "नाही सांगितले. निम्मा राग माझ्यावरचाच आहे. म्हणून तुझा निम्मा कमी होत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी एक विलक्षण गोष्ट केली. सुताराकडून एक नवी फळी आणवून त्यांनी ती जुन्या फळीच्या शेजारी ठोकली. जुनीवर लिहिले, महिन्याचा दर, सोळा आणे. नवीवर लिहिले, वर्षाचा दर, दहा आणे.

पेठ हसली. महिनाभर पैसे ठेवणाऱ्याला सोळा आणि वर्षभर ठेवणाऱ्याला दहा? म्हातारा सहा महिने कोकणातले पाणी प्यायला आणि हिशेब विसरून आला, असे जो तो म्हणू लागला. आबांनी निधीच्या प्रत्येक महिनेवाल्या ठेवीदाराला निरोप धाडला, की तुमची ठेव वर्षावर करून घ्या, दहा आण्यांनी. दुपारी त्यांनी व्यापाऱ्याला बोलावून विचारले, "आता दर महिन्याला चालू दर शोधत बसण्यापेक्षा, येते वर्षभर दहाच आणे, असे लिहून द्याल?"

व्यापारी मोठ्याने हसला. रुपया मिळत असताना दहा आणे द्यायला कोण नाही म्हणेल? त्याने सही केली आणि आबांना वाकून नमस्कारही केला.

शिष्याला हे पाहवेना. पेढीवर बसून तो बोटे मोडत होता, तोच सगुणा सुईण आली. तिचे चारशे रुपये महिन्याच्या बोलीने होते.

"माझे वर्षावर करा," ती म्हणाली.

शिष्य प्रामाणिक होता. तो म्हणाला, "सगुणाबाई, आमचा फायदा आहे, तरी सांगतो. महिन्यावर रुपया मिळतोय. वर्षावर दहा आणे. तुमचे नुकसान होईल."

"रुपया कधीपर्यंत मिळणार?"

"माघात नवे रुपये येईपर्यंत."

"आणि नंतर?"

शिष्याने वहीकडे पाहिले. सगुणाबाई म्हणाली, "मला लिहिता येत नाही, पण महिने मोजता येतात. तोच माझा धंदा आहे. वर्षावर करा."

ती अंगठा उठवून गेली. तेव्हा आबा शिष्याकडे वळले. राग गेला नव्हता, पण आता त्याला शब्द सापडले होते.

"कार्तिक ते माघ, माघ पुरता धरला तरी चार महिने सोळा आणे. माघानंतर पेठेत चांदीच चांदी होईल. मी धरतो, दर सहा आण्यांवर येईल. उरलेले आठ महिने सहा. कर बेरीज."

"चौसष्ट आणि अठ्ठेचाळीस. एकशे बारा आणे."

"आणि बारा महिने दहा?"

"एकशे वीस," शिष्य म्हणाला, आणि त्याचा चेहरा पडला.

"फळी पाहून पेठ हसली. तूही मनात हसलास. ही बेरीज करायला तुला कोणी अडवले होते? महिन्याचा दर म्हणजे पेठेला आज पैशाची किती निकड आहे, ते. वर्षाचा दर म्हणजे पुढचे बारा महिने मिळून कसे जातील याचा लोकांनी बांधलेला अंदाज, आणि त्यावर, वर्षभर पैसा अडकवण्याच्या भीतीचे मोल. त्या भीतीचे चार आणे मीच ठरवले होते. वीस वर्षांपूर्वी घाटात वाटमारी होई. वर्षाने पैसा देणाऱ्याला तो पुन्हा दिसेल याची शाश्वती नसे. मी म्हटले, चार आणे जास्त घ्या. पुढे घाटात चौक्या बसल्या, रस्ता झाला. भीती दोन आण्यांची उरली, मग एका आण्याची. चार आणे मात्र तसेच राहिले, कारण ते सगळ्यांना पाठ झाले होते. आपण वीस वर्षे एका मेलेल्या भीतीचे भाडे घेत होतो. आणि तू त्या भाड्यावर बारा माणसांची चूल पेटवलीस."

 शिष्य म्हणाला, "आता समजले. म्हणजे नियम असा, की टंचाई आली की महिना वर जातो आणि वर्ष खाली राहते."

आबांनी उतरत्या मेजावर इतक्या जोराने हात आपटला की दौत सांडली.

"पुन्हा नियम? एक सुटला नाही तोच दुसरा कवटाळलास? माघात हेही उलटेल. एखाद्या वर्षी टंचाई येईल आणि लोकांना ती चार महिन्यांची नसून चार वर्षांची वाटेल, तेव्हा दोन्ही दर हातात हात घालून चढतील. दोन दरांमधले नाते माणसांच्या गरजेने आणि भीतीने घडते. गरज बदलते, भीती बदलते. आपण मात्र जुने अंतर मोजून ठेवतो आणि त्याला सत्य म्हणतो. रोज दोन्ही आकडे वेगवेगळे विचारायचे. मध्ये अंतर दिसले, की ते कोणाच्या भीतीचे आहे, ते विचारायचे. उत्तर मिळाले नाही, तर त्या अंतरावर कोणाचे अन्न ठेवायचे नाही."

एवढे बोलून आबांनी सांडलेली शाई स्वतःच पुसली.

सगुणाबाईच्या मागून हळूहळू इतर ठेवीदार आले. मार्गशीर्ष सरता सरता निधीच्या सगळ्या ठेवी वर्षावर गेल्या. आता व्यापाऱ्याकडून दोनशे चाळीस येत आणि लोकांना एकशे ऐंशी जात. साठ रुपये उरत. पौषातले साठ निधीला पडलेला खड्डा भरण्यात गेले.

माघात नवे रुपये आले. गाड्या भरभरून आले. महिन्याचा दर आठवड्याभरात सहा आण्यांवर कोसळला आणि व्यापारी धावत पेढीवर आला. त्याच्या बोलण्यातली गोडी त्या दिवशी कुठे गेली होती कोण जाणे.

"मला आता सहा मिळतात आणि मी तुम्हाला दहा देतो. हा कुठला न्याय? महिना वर आणि वर्ष खाली, असे तुमच्याच फळ्यांवर लिहिले होते."

"कार्तिकात लिहिले होते," आबा म्हणाले. "आज काय लिहिले आहे ते बाहेर जाऊन वाचा. आणि व्याज संध्याकाळच्या आत पोचवा."

माझ्या ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांना ही गोष्ट इथेच संपावी असे वाटते. व्यापाऱ्याची खोड मोडली, म्हाताऱ्यांचे अन्न परत आले, आणखी काय हवे? पण आबांना ते पुरेसे वाटले नाही, आणि मलाही वाटत नाही. चूक हिशेबात दुरुस्त झाली, म्हणजे ती ज्याच्यावर गुदरली त्याच्यापाशी दुरुस्त झाली असे आपण समजतो. हा समज मोठमोठ्या शहाण्यांचा असतो. ते कागदावर रेघ मारतात आणि जेवायला जातात.

आबांनी बारा पुरचुंड्या बांधल्या, प्रत्येकीत पाच पाच रुपये. त्या शिष्याच्या हाती देऊन म्हणाले, "तू स्वतः जा. सहाचे पाच का झाले, ते प्रत्येकाला सांग."

तांबट आळीत जन्मभर हातोडे चालवलेल्या माणसांना साठीनंतर ऐकू येत नाही. त्यांच्याशी बोलायचे तर ओरडावे लागते. शिष्य पहिल्या घराशी थांबला. त्र्यंबकदादा नावाचे सर्वांत वयोवृद्ध तांबट ओसरीवर बसले होते. त्याने पुरचुंडी त्यांच्या हातात ठेवली.

"पाच रुपये, दादा."

"किती?"

"पाच," शिष्य ओरडला.

"बारा म्हणाला होतास तू."

"मी चुकलो."

"काय म्हणतोस?"

"मी चुकलो," शिष्य सगळा जीव एकवटून ओरडला. आळीतले हातोडे एकेक करून थांबले. सगळे बाहेर येऊन पाहू लागले.

दादांनी पुरचुंडी सोडली, पाचही रुपये खणखणवून पाहिले, आणि विचारले, "पुढे किती मिळतील?"

या प्रश्नाला शिष्याकडे पूर्वी लगेच उत्तर असे. तो दादांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाला, "कार्तिकापर्यंत पाच, एवढे नक्की. त्याच्या पुढचे मला ठाऊक नाही, दादा. दर महिन्याला पाहीन आणि येऊन सांगेन."

दादांनी ते नीट ऐकले. मग ओसरीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवले. तिथे जमिनीत एक खोल, चौकोनी खळगा होता आणि त्याच्या कडा अजून ताज्या होत्या.

"ऐरण होती इथे," ते म्हणाले. "माझ्या आजोबांची. तनखा बंद झाला तेव्हा विकली. ठाऊक नाही, हे तू मला ज्येष्ठात सांगायला हवे होतेस."

  दादांनी रुपये कनवटीला लावले आणि तोंड फिरवले. शिष्याने त्यांच्या पायांना हात लावला, उरलेल्या पुरचुंड्या उचलल्या आणि तो पुढच्या दाराकडे निघाला. अजून अकरा घरे बाकी होती, आणि प्रत्येक घरी ओरडूनच सांगावे लागणार होते.